जगाचा कायदा लातूरच्या कोर्टात

नांदेडला जायचं ठरलं तेव्हा आमच्या कोल्हापूरच्या घरात पहिली चर्चा झाली ती पाण्याची. सासूबाईंनी माळ्यावरून दोन मोठे थर्मास काढले, शेजारच्या काकूंनी तिसरा आणून दिला. लातूर नुकताच उस्मानाबादपासून वेगळा होऊन नवा जिल्हा झाला होता आणि त्याच वर्षी तिकडे पावसानं पाठ फिरवली होती. पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्या आम्हाला दुष्काळ म्हणजे वर्तमानपत्रातला फोटो. मी तीन थर्मास घेऊन निघाले, आणि पुढे त्यांची मला लाज वाटली.

मला बोलावलं होतं व्याख्यानांसाठी. मी विधी महाविद्यालयात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. मुलं हा विषय परीक्षेच्या आदल्या आठवड्यात वाचतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. त्यांचा दोष नाही. ज्या कायद्याला पोलीस नाही, तुरुंग नाही, तो कायदा कसला, हा प्रश्न बारा वर्षं शिकवल्यावर माझ्याही मनात येऊ लागला होता. 'जगाचा कायदा आणि देशांच्या घटना' या विषयावर नांदेडला दोन आणि लातूरला एक व्याख्यान द्यायचं होतं. पिशवीत टिपणं होती, सर्वोच्च न्यायालयाच्या काही निकालांच्या टाईप केलेल्या प्रती होत्या, आणि आपण हे कुणासाठी करतो आहोत, ही शंका होती.

नांदेड

नांदेडला मी शकुंतलाबाईंकडे उतरले. त्या तिथल्या महाविद्यालयात शिकवत. घरात शिरल्या शिरल्या त्यांनी तांब्याभर पाणी दिलं. आमच्याकडे पाहुण्याला पाय धुवायला वेगळं आणि प्यायला वेगळं पाणी देतात. इथे एकच तांब्या होता आणि त्यावर ताटली झाकलेली होती. मी थोडं पिऊन बाकीचं सवयीनं मोरीत ओतायला निघाले, तेव्हा त्यांच्या सुनेनं हळूच माझ्या हातातून तांब्या घेतला. उरलेलं पाणी तिनं दारातल्या तुळशीला घातलं.

गोदावरी पाहायला गेले तर पात्रात डबकी उरलेली, आणि डबक्यांभोवती कपडे धुणाऱ्या बायकांची गर्दी. गुरुद्वाऱ्यात मात्र एक म्हातारे सरदारजी येईल त्याला वाटीनं पाणी देत बसले होते. तहान लागली नव्हती तरी मी घेतलं, कारण त्यांनी माझ्याकडे न बघताच वाटी पुढे केली होती. इतक्या तुटवड्यात कोण, कुठचा हे न विचारता दिलेलं पाणी मी पहिल्यांदाच प्याले.

जेवणात ज्वारीची भाकरी, येसराच्या मसाल्याची आमटी आणि शेंगदाण्याची चटणी. आमटीचा पहिला घास घेऊन मी ठसकले. कोल्हापूरची बाई तिखटाला ठसकली म्हणून घरात सगळे हसले. शकुंतलाबाईंचे सासरे वकीलसाहेब तेवढे हसले नाहीत. वय ऐंशीच्या आसपास. निजामाच्या काळात त्यांनी उर्दूत वकिली केली होती, आणि त्यांच्या मराठीत अजूनही अर्जी, फर्मान, रय्यत असे शब्द सहज येत.

माझा विषय ऐकून त्यांनी अठ्ठेचाळीस सालची गोष्ट सांगितली. हैदराबाद संस्थानाची तक्रार युनोत गेली होती आणि नांदेडात जो तो रेडिओला कान लावून बसला होता. सुरक्षा परिषद म्हणजे काय, हे विचारायला लोक त्यांच्याकडे येत, कारण ते वकील. त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. परिषदेत बोलणी चालू झाली तोवर इथे पोलीस कारवाई होऊन संस्थान संपलंही होतं. मग हैदराबाद राज्य आलं, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र. वकीलसाहेब त्याच घरातून त्याच कोर्टात जात राहिले.

"बाई, तुमचा जगाचा कायदा मी तवा एकदा पाहिला," ते म्हणाले. "तो येस्तोवर राज्यच बदललं. आता तरी कुठवर आलाय तो?"

मी उत्तर दिलं. आपल्या घटनेच्या एक्कावन्नाव्या कलमात आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर राखायला सांगितलं आहे, नागरी हक्कांच्या करारात आपला देश थोड्याच वर्षांपूर्वी सामील झाला आहे, आणि न्यायालयं आता घटना वाचताना अशा करारांकडे बघू लागली आहेत. म्हातारबुवांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कागदावर आलाय म्हणा की."

दुसऱ्या दिवशी व्याख्यानात एका मुलानं हेच वेगळ्या तऱ्हेनं विचारलं. आपण सार्वभौम देश. मग बाहेरच्यांनी बसून लिहिलेलं आपण का मानायचं? मी पुस्तकातलं उत्तर दिलं. टाळ्याही झाल्या. पण मुलाचं समाधान झालं नव्हतं, आणि माझंही.

नांदेड ते लातूर

लातूरची एसटी सकाळी निघाली. लोहा, अहमदपूर अशी गावं मागे पडली. दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडलेली. रस्त्याच्या कडेला बायका-पुरुष खडी फोडत होते आणि बाभळीला टांगलेल्या झोळ्यांत त्यांची पोरं निजलेली होती. शेजारच्या बाईनं मला गूळ आणि फुटाणे दिले, मी तिला थर्मासातलं पाणी दिलं. तिनं दोन घोट घेऊन तो मागच्या बाकावर दिला, आणि मग तो सगळ्या एसटीत फिरून रिकामा होऊन परत आला.

चाकूरच्या पुढे एका फाट्यावर दोन शिपाई एका माणसाला घेऊन चढले. पन्नाशीचा किडकिडीत माणूस, अंगात खाकी सदरा, दोन्ही हातांत हातकडी आणि तिला बांधलेला दोर शिपायाच्या मुठीत. एसटीतल्या माना वळल्या. मग कुणीतरी हळूच म्हणालं, "अरं, हे तर पोस्टमनमामा."

मागून कळलं ते असं. प्रल्हाद सोनकांबळे हे त्या भागातल्या चार गावांचे पोस्टमन. रोज याच एसटीतून टपालाची थैली घेऊन जाणारे. गाडीतली निम्मी माणसं त्यांच्या हातून पत्रं घेणारी होती. त्यातल्या कितीकांना ती वाचूनही तेच दाखवत.

त्यांना बसायला जागा मिळाली ती माझ्या समोर. त्यांनी शिपायाला काहीतरी विचारलं. शिपाई कोवळाच होता, तोही अवघडलेला. त्यानं पोस्टमनच्या खांद्यावरचा पंचा काढून त्यांच्या हातांवर टाकला. गाडीनं गचका दिला की पंचा सरके, आणि ते कोपरानं तो परत ओढत. पुढच्या बाकावरची एक लहान मुलगी वळून म्हणाली, "मामा, आमचं पत्र आलं का?" तिच्या आईनं तिचं तोंड पुढे वळवलं. पोस्टमन खिडकीबाहेर बघू लागले.

मी शिपायाला विचारलं की यांनी काय केलं. तो म्हणाला की गावाला टँकर नाही म्हणून हे पंचवीस-तीस माणसं घेऊन सायबाच्या जीपपुढे बसले. काल संध्याकाळी धरलं, आज लातूरच्या कोर्टात उभं करायचंय. मारामारी केली का? नाही. पळाले का? नाही. मग बेडी कशाला? त्यानं खांदे उडवले. "वरून सांगितलंय बाई. समद्यांनाच घालतेत."

माझ्या पिशवीत, मांडीवर, दोन-तीन वर्षांपूर्वीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता. आरोपीला सरसकट बेड्या घालता येणार नाहीत, असं त्यात सांगितलं होतं. नांदेडच्या व्याख्यानात मी तो उदाहरण म्हणून वाचून दाखवला होता, मुलांनी वहीत उतरून घेतला होता. आता ज्याच्याबद्दल तो लिहिला होता तसा माणूस हातभर अंतरावर बसला होता. मी एवढंच विचारलं, की तुम्हाला वकील आहे का. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

लातूर

लातूरला मला उतरवून घ्यायला मन्मथ बिराजदार आला होता. पाच वर्षांपूर्वी माझा विद्यार्थी. तेव्हा माझ्या तासाला मागच्या बाकावर डुलक्या घेणारा, आता इथे वकिली करत होता. वडिलांचं गंजगोलाईत किराणा दुकान. घरी आईनं जेवणाचा बेत केला होता आणि ती पूजा आटोपून आमची वाट बघत होती. मी स्टँडवरच त्याला सगळं सांगितलं आणि पिशवीतला निकाल त्याच्या हातात दिला. त्यानं उभ्या उभ्या दोन पानं वाचली.

"बाई, जेवण थंड झालं तर आई रागावेल," तो म्हणाला. "पण आपण आधी कोर्टात जाऊ."

शिपाई आरोपीला चालत नेत होते. गंजगोलाईतून, भर बाजारातून. आम्ही मागोमाग. दुकानदार गिऱ्हाईक सोडून बघत होते. चालता चालता पंचा गळून पडला. तो मी उचलला, पण पुन्हा हातांवर टाकायचं धैर्य मला झालं नाही. कोर्टाच्या आवारात मन्मथनं वकीलपत्रावर सही घेतली. हात बांधलेले, त्यामुळे कागद धरायला मला वाकावं लागलं. अक्षर सुरेख होतं. बेडीतूनही त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं.

दुपारी पुकारा झाला. मॅजिस्ट्रेट मध्यमवयीन, चष्मा घातलेले, उन्हानं आणि कामानं थकलेले. मन्मथनं जामिनाआधी बेडीचा मुद्दा काढला. फौजदार म्हणाले की ही नेहमीची पद्धत आहे, आमच्या नियमांत आहे. मन्मथनं निकाल पुढे केला. साहेबांनी तो सावकाश वाचला. मी मागच्या बाकावर होते. हा निकाल मी कितीदा शिकवला असेन, पण तो कुणाच्या तरी मनगटावर काही करतो का, हे मला माहीत नव्हतं.

साहेब वाचता वाचता थांबले. "यात युनोच्या जाहीरनाम्याचा उल्लेख आहे. कुणालाही अमानुष किंवा मानहानीची वागणूक देऊ नये, वगैरे. वकीलसाहेब, आपलं राष्ट्र सार्वभौम आहे. तिकडे सभेत ठरलेलं मी लातूरच्या कोर्टात कसं लावू?"

नांदेडच्या मुलाचाच प्रश्न. मन्मथ घाईत नव्हता.

"साहेब, युनोचं म्हणून लावूच नका," तो म्हणाला. "आपल्या घटनेचं एकविसावं कलम लावा. माणसाच्या जीविताचं रक्षण त्यात आहे. जीवित म्हणजे नुसता श्वास, की मानानं जगणं, हे ठरवताना आपल्याच सर्वोच्च न्यायालयानं जगानं काय लिहिलंय ते बघितलं. बघायचं की नाही ते आपणच ठरवलं, अर्थही आपणच लावला. आपली सत्ता कुणी घेतली नाही. ठाण्याची सत्ता तेवढी या माणसाच्या हातापाशी थांबते."

मागच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या त्या मुलानं हे कधी ऐकलं होतं, देव जाणे. मी बारा वर्षांत इतकं सोपं सांगितलेलं नव्हतं.

साहेबांनी फौजदारांना विचारलं, की आरोपी पळून जाईल असं वाटण्याचं काही कारण लिहून ठेवलं आहे का. नव्हतं. मग ते आरोपीकडे वळले.

"पळून जाणार आहात का?"

"साहेब, उद्याचं टपाल हाय," पोस्टमन म्हणाले. "पळून कुठं जाऊ?"

कोर्टात कुणी हसलं नाही. साहेबांनी बेडी काढायचा हुकूम दिला आणि तो लिहूनही घेतला. पण हुकूम झाला तरी बेडी निघेना. कुलूप गंजलेलं, किल्ली आत जाऊन फिरतच नव्हती. कोवळ्या शिपायाच्या कपाळावर घाम आला. दोन मिनिटं गेली, पाच गेली. साहेब पुढचा खटला न घेता थांबले. शेवटी मन्मथ बाहेर धावला आणि झाडाखाली बसणाऱ्या टायपिस्टाकडून मशीनला घालायच्या तेलाची बुदली घेऊन आला. चार थेंब सोडले, किल्ली फिरली.

पोस्टमननी दोन्ही हात पुढे धरले होते ते तसेच धरून ठेवले. ते सुटल्याचं त्यांना कळायला वेळ लागला. मग मनगटावरचं तेल त्यांनी सदऱ्याला पुसलं आणि साहेबांना नमस्कार केला. वैयक्तिक हमीवर त्यांना सोडण्यात आलं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन बसले.

पोस्टमनना सोबत घेऊन जेवायला आम्ही चारला पोचलो. मन्मथच्या आईनं रागवायचं ठरवलेलं होतं, पण पोस्टमनच्या मनगटावरचे वळ बघून ती आत गेली आणि ताटं घेऊन आली. सगळ्यांना एकाच पंगतीत वाढलं. पोस्टमन दोन भाकरी खाऊन थांबले तेव्हा तिनं तिसरी विचारलीच नाही, सरळ ताटात टाकली. जेवताना त्यांनी टँकरची हकीकत सांगितली. गाव जुन्या जिल्ह्यातून नव्या जिल्ह्यात आलं, पण पाण्याची फाईल वाटेतच राहिली. एकीकडून पत्र येई की तुमचं गाव आता आमच्याकडे नाही. दुसरीकडून येई की तुमचे कागद अजून पोचले नाहीत. दोन्ही पत्रं गावात आणून देणारे पोस्टमन हेच. लोक त्यांच्याच तोंडाकडे बघत.

"मला जेलची भीती न्हवती बाई," ते म्हणाले. "लोक ह्या हातातून कागद घेतेत. उद्या कोण घेईल, त्याची होती."

तिथून ते थेट नव्या जिल्हा कचेरीत गेले, आम्हालाही घेऊन. टेबलं आली होती, कपाटं यायची होती, कागदांची गाठोडी व्हरांड्यात रचलेली. कारकून हात जोडून म्हणाला की यातून कसं शोधू. पोस्टमननी पत्राचा जावक क्रमांक पाठ म्हणून दाखवला. त्या आधारानं कारकुनानं आणि त्यांनी मिळून आठवं गाठोडं सोडलं. त्यात फाईल सापडली. कारकुनालाच इतका आनंद झाला की त्यानं आम्हाला चहा पाजला.

लातूरचं माझं व्याख्यान संध्याकाळी झालं. टिपणं पिशवीतच राहिली. मी फक्त दुपारी काय झालं ते सांगितलं.

पोस्टमनच्या गावी

तिसऱ्या दिवशी मन्मथ आणि मी त्यांच्या गावी गेलो. त्यांनी आग्रहानं बोलावलं होतं. आदल्या संध्याकाळी टँकर येऊन गेला होता आणि प्रत्येक दारात भरलेल्या घागरी दिसत होत्या. त्यांच्या बायकोनं, रमाबाईंनी, माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. काठोकाठ भरलेला. मी शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. त्या म्हणाल्या, "आता बरं वाटायलंय बाई. दोन रात्री डोळा न्हाई लागला."

मधला दिवस टँकरसाठी कचेरीत गेला होता, त्यामुळे दोन दिवसांचं टपाल शाळेत कुलपात पडलं होतं. ते घेऊन पोस्टमन निघाले, मीही सोबत गेले. पहिल्याच गल्लीत ते थोडे अडखळले. पाराजवळ चार-पाच माणसं बसली होती. कुणी उठलं नाही. पोस्टमननी मान खाली घालून थैलीत हात घातला. एक शेतकरी जागेवरूनच म्हणाला, "मामा, माझं काय हाय का?" त्याचं नव्हतं. "मग उद्या बगा," तो म्हणाला, आणि तंबाखू मळू लागला. एवढंच. पण पोस्टमनची चाल तिथून बदलली. मला त्यांना गाठायला पळावं लागलं.

वस्तीच्या टोकाला मुक्ताबाई नावाची म्हातारी राहत होती. तिचा मुलगा हैदराबादला कामाला. तिला डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं. पोस्टमननी पत्र हातात दिलं तेव्हा तिनं पत्राबरोबर त्यांचे हातही धरले आणि मनगटावरून बोटं फिरवली. वळ तिला लागले असावेत. खाली बसली आणि पत्र परत त्यांच्याकडे दिलं.

पोस्टमननी पत्र फोडलं. वाचायला सुरुवात केली आणि पहिल्या ओळीनंतर थांबले.

"वाच की लेकरा," म्हातारी म्हणाली. "थांबलास का? मला काय घाई न्हाई. सावकाश वाच."

ते उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसले, पत्र दोन्ही हातांत नीट धरलं, आणि पहिल्यापासून वाचू लागले.